एकवीस पीळ इकडे, एकवीस पीळ तिकडे

लिंबाजीआप्पा गेल्याचा फोन त्यांच्या नातवाचा आला. मी तेव्हा मोंढ्यात तुरीचा भाव विचारत उभा होतो. बातमी ऐकली, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न गेला तो असा की, "सरी कुठंय?" कसे गेले, केव्हा गेले, त्रास झाला का, हे सगळं नंतर. बोलून गेल्यावर माझीच मला लाज वाटली. नव्वदीला टेकलेला माणूस गेला, आणि हा कारखान्यातला निवृत्त शहाणा दागिन्याची चौकशी करतोय! पण पोरगं आजोबाच्याच वळणाचं. ते फोनवर रडता रडता हसलं आणि म्हणालं, "आजीच्या गळ्यात हाय मधूकाका. आमाला वाटलंच तुमी हेच इचारताल." महिना होत आला त्याला. दुःख आहेच, पण खरं सांगू? आप्पांची आठवण आली की मला रडू यायच्या आधी हुरूप येतो. हा माणूस मला तसाच आठवतो, डोळे विस्फारलेला, धोतराचा सोगा हातात धरून बैलगाड्यांच्या रांगेतून ओरडत पळणारा. ते का पळत होते, तेच सांगायला बसलो आहे.

आप्पा म्हणजे लिंबाजी सोनार. माजलगावपासून दोन कोसांवरच्या, सिंदफणेकाठच्या गावात त्यांचं वडिलोपार्जित दुकान; दुकान म्हणजे घराचीच पुढची पडवी, एक ऐरण, एक फुंकणी आणि बसायला गोणपाट. बहात्तरच्या दुष्काळात नदीत बोटभर पाणी नव्हतं. गावात कुणी डागदागिने घडवायला येईना, तेव्हा आप्पा आणि त्यांच्या बायको गयाकाकू पाझर तलावाच्या कामावर माती उपसायला जाऊ लागले. सोनाराचा हात, त्याला टिकावाची सवय कुठली? महिनाभर फोड आले, फुटले, मग हात माणसांत आला. आणि एक दिवस त्यांच्या टिकावाखाली पुरुषभर खोल मातीतून एक हिरवंगार कडं निघालं. इतर माणसांना ते सापाचं वेटोळं वाटलं, दोघंतिघं मागं सरली. आप्पांनी ते उचललं, अंगठ्यानं माती पुसली, तळहातावर तोललं आणि जागच्या जागी खाली बसले. ते गळ्यातलं होतं. आपल्या आज्या-पणज्या घालायच्या ना ती सरी, कडक, अखंड, मागून उघडी, तशीच घडण. फक्त तांब्याची. आणि मातीच्या ज्या थरात ती होती तिथं आप्पांच्या आज्याचा आजासुद्धा कधी पोचला नसता.

आता इथं आप्पांनी जे केलं ते सोनारच करू जाणे. वस्तू सरकारजमा करायची, हे त्यांना मुकादमानं सांगितलं, आणि त्यांनाही ते पटलं. पण गिऱ्हाइकाच्या हातात मळकी वस्तू द्यायची नाही, हा त्यांच्या वडिलांचा दंडक. आणि सरकार म्हणजे तर केवढं मोठं गिऱ्हाईक! म्हणून आप्पांनी घरी येऊन घागरीतलं उरलंसुरलं पाणी घेतलं, त्यात चिंच कोळली आणि सरी त्यात बुडवून ठेवली. प्यायला पाणी नाही अशा दिवसांत त्यांनी ती दोनदा चिंचेनं आणि एकदा रिठ्यानं धुतली. गयाकाकू त्यावरून चार दिवस बोलल्या नव्हत्या, हे त्यांनीच मला पुढं सांगितलं. सकाळी सरी नव्या कोऱ्या घागरीसारखी लखलखत होती. आप्पांनी ती डोळे भरून पाहिली, नखानं पीळ मोजले, मधला भाग लाखेच्या वडीवर दाबून ठसा घेतला आणि धुतलेल्या फडक्यात गुंडाळून कचेरीत नेऊन दिली.

काही दिवसांनी जुन्या वस्तूंतलं कळणारे एक साहेब आले. भला माणूस असावा, कारण त्यांनी आप्पांना बसायला सांगितलं. सरी हातात घेऊन ते म्हणाले, "हिच्यावरचा हिरवा थर कुठंय?" आप्पा अभिमानानं म्हणाले, "काढला की साहेब! लई घाण होती." साहेबांनी कपाळावर हात मारला म्हणे. त्या थरातच तिचं वय होतं. तो गेला आणि तिची साक्ष गेली. आता ती कालची की दोन हजार वर्षांपूर्वीची, कसं ठरवायचं? कागदावर त्यांनी 'हल्लीच्या बनावटीची दिसते' असं लिहिलं. सरी कचेरीच्या कपाटात गेली ती गेलीच, आणि आप्पा गावात आले ते नकली सोनार होऊन. कुणी म्हणे, बक्षीस मिळवायला यानंच घडवली. कुणी म्हणे, टिकावाखाली यानंच पुरली. "नकल्या आला रे," असं पोरंसोरं म्हणायची. ज्या माणसानं आयुष्यात चांदीत गुंजभर भेसळ केली नाही, त्याला हे नाव. आप्पांना ते लागलं. फार लागलं... मला वाटतं, पुढच्या सगळ्या खटाटोपाचं मूळ त्यात होतं.

माझी त्यांची भेट झाली ती यानंतर पंधराएक वर्षांनी. धरणाचं पाणी आलं, बाजरीच्या जागी ऊस आला, आणि पाठोपाठ सहकारी कारखाना. मी तिथं केनयार्डात सुपरवायझर, म्हणजे उसाच्या गाड्यांच्या रांगा लावणारा आणि दिवसभर शिव्या खाणारा. पहिल्या गळीत हंगामाला पाहुण्यांच्या हाती द्यायला चांदीची मोळी करायचं ठरलं. उसाची वीतभर मोळी, बांधासकट. संचालक मंडळात कुणीतरी म्हणालं, "त्या नकल्याकडून करून घ्या, त्याच्यासारखी नक्कल कुणाला जमत नाही." ती मोळी आणायला मी गेलो. काय मोळी होती! उसाचं पेरन् पेर, पेरावरचा डोळासुद्धा. पण माझं लक्ष गेलं भिंतीवरच्या खुंटीकडे. तिथं तांब्याच्या पिळलेल्या सळयांचा घोस लटकत होता. मी सहज विचारलं, "आप्पा, हे काय?" आत गयाकाकू भांडी घासत होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "इचारलं का? आता बसा संध्याकाळपस्तोर."

आणि मी खरंच बसलो. त्या सरीची गंमत अशी होती. ती एका चौकोनी सळईची, टोकांकडे निमुळती होत गेलेली, कुठंही डाग दिलेला नाही, जोड नाही. सळईला पीळ दिलेला. पण अर्धी सरी उजवीकडे पिळलेली आणि अर्धी डावीकडे. बरोबर मध्यावर पीळ उलटा होतो. दोन्हीकडे एकवीस-एकवीस, एकसारखे, जणू एक बाजू दुसरीला आरशात बघतेय. मध्यावर तांदळाच्या दाण्याएवढी सपाट जागा. हे करायचं कसं? आप्पा सळईचा मध्य शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळायचे, एक बाजू पिळायचे, मग दुसरी उलटी पिळायचे. मोजून एकवीस भरायचे, पण एकीकडे पीळ दाट, दुसरीकडे विरळ. एकीकडे हात जड पडलेला, दुसरीकडे हलका. खुंटीवर तेवीस सळया होत्या. "मला येत न्हाई बे हे," ते मला त्या पहिल्याच भेटीत म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क समाधान होतं. "मला येत न्हाई, हीच माझी साक्ष. जे मला येत न्हाई ते मी कसं घडवीन? अजून एकदा करतो, पुन्हा फसतो. मेल्यावर तरी लोकं म्हणतील, लिंबाजी खोटा न्हवता." मी वयानं पंचविशीचा आणि जिभेनं तिखट. म्हणालो, "आप्पा, मग फसायला एवढा जीव कशाला काढता? मुद्दाम वाईट करा की." त्यांनी खुंटीवरची एक सळई काढून हातात घेतली. मग हळूच म्हणाले, "मुद्दाम फसता येत न्हाई ना पर..." त्या वाक्यावर माझी आणि त्यांची दोस्ती झाली. एकीकडे नाव राखायला सरी जमू नये असं वाटणारा, आणि दुसरीकडे ती जमावी म्हणून तळमळणारा असा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या हंगामातली गोष्ट. भर दुपार, यार्डात गाड्या खच्चून भरलेल्या. आप्पा कसलीशी चांदीची तबकडी कार्यालयात पोचवून परत जाताना माझ्याशी बोलत थांबले होते. शेजारीच पाटोद्याकडच्या ऊसतोड टोळीतला एक गाडीवान गाडी मोकळी करत होता. उसाची गाडी भरली की वरून दुहेरी दोर घालतात, तो पुढं-मागं बांधतात, आणि ऊस हलू नये म्हणून दोराच्या मधोमध एक दांडकं घालून ते गरागरा फिरवतात. दोर पिळून ताठ होतो. हे मी दिवसातून शंभरदा बघत होतो. आप्पांनीही जन्मभर बघितलेलं असणार. त्या गाडीवानानं दांडक्याची गाठ सोडली आणि दांडकं भर्रकन उलटं फिरलं. दोराचा पीळ पुढच्या अंगाला उजवीकडून उकलला आणि मागच्या अंगाला डावीकडून. आप्पांचं बोलणं अर्ध्यावर तुटलं. मग ते ओरडले, "बांध! पुन्ना बांध!" आणि सोगा हातात धरून गाडीकडे धावले.

गाडीवान हबकला. "कावून बांधू? वजन झालंय, सोडायलोय मी."

"बांध म्हन्लं ना! दांडकं मधी घाल... फिरव... थांब, थांब, हितं बघ मधू, हितं बघ बे!"

त्यांनी त्या माणसाला तीनदा दोर आवळायला लावला आणि तीनदा सोडायला लावला. मागं गाड्या तुंबल्या, बैल बिथरले, ऊस टाकायच्या गव्हाणीवरून शिट्ट्या सुरू झाल्या. गाडीवानाची बायको वरून उसावर बसून म्हणाली, "सोनाराला याड लागलंय, द्या त्याला दांडकं अन् व्हा मोकळे." आमचे शेतकी अधिकारी माझ्या नावानं ठणाणा करत आले. पण तोवर मलाही दिसलं होतं! टोकं नाही फिरवायची. टोकं दोन्हीकडे घट्ट धरायची आणि मधून फिरवायचं. पीळ आपोआप इकडे उजवा जातो आणि तिकडे डावा, आणि एकच हात दोन्हीकडे पीळ देतो म्हणून दोन्हीकडे सारखा. इतकं सोपं! सोळा वर्षं आप्पा मध्य आवळून टोकं फिरवत होते. आप्पा तर त्या गाडीवानाला मिठी मारून उभे होते.

मी पाळी बदलून दुसऱ्याला उभं केलं, वर्कशॉपातून दोन पाईपपाने आणि एक लांब दांड्याचा पाना उचलला, आणि आम्ही माझ्या सायकलवरून डबलसीट गावाकडे सुटलो. आप्पा मागं बसून सगळी वाट बोलत होते. घरी पोचल्यावर सळई भट्टीत लाल केली, पाण्यात विझवली. तांबं असं विझवलं की मऊ पडतं. पडवीत आप्पा एका टोकाला पाईपपाना लावून बसले आणि दुसरं टोक त्यांनी शेगड्यात अडकवलं. फिरवायचं मी. मी जोर लावला, झटका बसला, आणि सळई एका जागी आवळून तडकली. दुसरी घेतली. ती शेगड्यातून निसटली. तेव्हा आप्पा म्हणाले की दोन्ही टोकांना जिवंत माणूस पाहिजे, कुठं सैल पडतंय ते हाताला कळलं पाहिजे. म्हणून ते एकीकडे, मी दुसरीकडे, पान्याचे दांडे मांडीखाली दाबून समोरासमोर बसलो. आता मधून फिरवणार कोण?

गयाकाकू पिठाचे हात झटकत बाहेर आल्या. "सरा," म्हणाल्या, आणि सरकायला जागा नसल्यानं आमच्या मधोमध फतकल मारून बसल्या. त्यांनी पाना लावला आणि फिरवायला सुरुवात केली. ना झटका, ना जोर. जन्मभर जातं ओढलेला हात, तो एका लयीत फिरत होता. अकरा पिळांवर तांबं कडक झालं, म्हणून पुन्हा लाल केलं, पुन्हा विझवलं, पुन्हा बसलो. आप्पा मोठ्यानं मोजत होते. सोळा... सतरा... माझ्या हाताला तांब्याची ओढ लागत होती, दर फेऱ्याला एकसारखी. एकवीस म्हणायचं आप्पा विसरलेच, गयाकाकूंनीच तो आकडा म्हटला.  आप्पांनी सळई उजेडात धरली, नखानं एक बाजू मोजली, दुसरी मोजली. दोन्ही सारख्या. आणि मध्यावर, जिथं पाना धरला होता, तिथं तांदळाच्या दाण्याएवढी सपाट जागा!

त्यांनी लाखेची वडी आणली. तोच दाणा. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, तो भाग वापरून झिजला असेल. आता ते त्या ठशावर बोट ठेवून उठून उभेच राहिले. "हितं कुनाचातरी हात होता मधू! मी खुळ्यागत एकच कारागीर शोधीत बसलतो. एकट्याचं कामच न्हाई ते. तिघं होते बे तिथं! दोघांनी टोकं धरलेली अन् एक मधी... आपल्यासारखेच बसले असतील, अशेच!" आणि ते हसत सुटले. हसता हसता डोळ्यांतून पाणी. मीही. त्या एवढ्याशा पडवीत त्या क्षणी तीन माणसं नव्हती, सहा होती, असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

पण मी पडलो चोंबडा. डोकं ताळ्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि ते मी बोलून दाखवलं. "आप्पा, आता घोटाळा झाला. आजवर तुम्हाला येत नव्हती ही तुमची साक्ष होती. आता लोक म्हणतील, बघा, नकल्याला येत होतीच." आप्पा थबकले. गयाकाकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी जागीच वितळावं. सोळा वर्षं ज्या एका गोष्टीनं त्यांनी आपली लाज झाकली होती, ती मी एका वाक्यात ओढून काढली होती. आप्पांनी ती सळई एकदा फिरवून बघितली, ऐरणीवर ठेवली, लाकडी मोगरी उचलली, आणि गोलाई द्यायला घेतली. "म्हनू दे," ते म्हणाले. "म्हनू दे बे! मला कळलं की." आणि पुढचा तासभर, सरी वळून होईपर्यंत, ते शीळ घालत होते. त्यांना शीळ घालता येते हे गयाकाकूंनाही ठाऊक नव्हतं.

नंतर त्यांनी माझ्याकडून कचेरीला एक पत्र लिहवून घेतलं. मला वाटलं, सरी जुनी असल्याचा दावा करायचा असेल. नाही. 'आपल्याकडे असलेली सरी तिघांनी मिळून केली आहे, दोघांनी टोके धरून व एकाने मधून फिरवून. तरी तिच्या चिठ्ठीवर तशी नोंद व्हावी.' एवढंच. उत्तर आलं नाही. पुढं आम्ही दोनदा जाऊनही आलो. कपाटं बदलली होती, माणसं बदलली होती, सरी कुठं आहे ते कुणाला सांगता येईना. मला संताप आला, मी टेबलावर हात आपटले. आप्पा मात्र तिथल्या शिपायाला खडू घेऊन फरशीवर पिळाचं चित्र काढून दाखवत होते. गावानं त्यांना नकल्या म्हणणं काही सोडलं नाही. पण आता कुणी तशी हाक मारली की ते थांबून विचारायचे, "दाखवू का कशी करत्यात?" आणि धरून बसवायचे. हळूहळू चिडवणारेच त्यांना बघून वाट बदलायला लागले. यंत्रावर घडवलेले डागदागिने आले, तसं दुकान बंद पडलं. माणूस बंद पडला नाही.

ती नवी सरी घडली त्याच दिवशी त्यांनी ती गयाकाकूंच्या गळ्यात घातली होती, आणि एक अट घातली होती. हिला चिंच लावायची नाही. कधीच नाही. "काळी पडू दे, हिरवी पडू दे. तिच्या अंगावर काय चढतंय ते चढू दे." तांब्यानं मान हिरवी व्हायची, म्हणून काकू तिला आतून फडकं गुंडाळायच्या, पण बाहेरून कधी पुसली नाही. मी जाईन तेव्हा आप्पा तिच्याकडे बोट दाखवून विचारायचे, "बघ, किती झाली?" जणू पोरीची उंची मोजतायत.

तेराव्याला मी गेलो. पडवीत ऐरण होती तिथंच, गोणपाट होतं. गयाकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, कपाळ मोकळं, हात मोकळे. मंगळसूत्र उतरवलेलं. आणि गळ्यात ती सरी, काळपट, खाचांतून हिरवी झाक धरलेली. जमलेल्या बायकांत कुजबुज चालली होती. शेवटी भावकीतली एक वडीलधारी बाई पुढं सरकून म्हणाली, "गये, आता ती बी काढाय पायजे. नवऱ्याच्या नावाचं ल्याणं, आता गळ्यात ठिवू नये." मी उठून काहीतरी बोलणारच होतो. तोंडात भाषण तयार होतं माझ्या. पण काकूंनी मान वर केली. आवाज चढवला नाही त्यांनी.

"त्येंचं व्हतं ते काढलं," त्या म्हणाल्या. "हे त्येंचं न्हाई. टोकं ह्येंनी अन् ह्या मधूनं धरली व्हती. मधी मी व्हते. पीळ माझ्या हाताचा हाय. माझं मी कावून काढू?"

काकूंनी पदर सारखा केला, सरी गळ्याभोवती थोडी फिरवली, आणि मध्यावरची ती तांदळाएवढी सपाट जागा चाचपून तिच्यावर अंगठा ठेवला. मी निघालो तेव्हाही तो तिथंच होता.